परत जाण्याचा इरादा

२३ सप्टेंबर, सोमवार. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, वॉशिंग मशीनचा फिल्टर साफ करत बसले होते. सोमवारी मी घरून काम करते आणि दोन मीटिंगांच्या मधे असली कामं उरकते. फिल्टरमधून केसांची एक क्लिप, एक नाणं आणि लेकीच्या खिशातल्या टिश्यूचा लगदा निघाला. तेवढ्यात वरून बाबांची हाक आली. बाबा म्हणजे माझे सासरे. केलरच्या पायऱ्या उतरायला त्यांना डॉक्टरांची मनाई होती, आणि मनाई म्हटली की ते ती पाळत. म्हणून पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून बोलत होते.

"अगं, ह्यात बस नाहीये."

मी हात पुसून वर आले. डायनिंग टेबलावर त्यांची मतपत्रिका पसरलेली होती, अमेरिकेच्या निवडणुकीची. ईमेलने आली होती आणि नवऱ्याने ऑफिसला जाण्याआधी छापून ठेवली होती. राष्ट्राध्यक्ष, सिनेट, प्रतिनिधिगृह. त्याखाली कोरी जागा. बाबा कागद उलटून पाठीमागे बघत होते, पुन्हा सुलटा करत होते.

मी म्हटलं, दुसरं पान छापायचं राहिलं असेल. लॅपटॉप उघडून पाहिलं. दुसरं पान नव्हतंच.

ती बस काय होती, हे आधी सांगायला हवं.

बाबा पंचायत समितीतून निवृत्त झाले, मग सासूबाई गेल्या, आणि थोरल्या दिरांनी त्यांना न्यू जर्सीला नेलं. दिरांचं घर मोठं, मागे हिरवळ, पुढे दोन गाड्या. सकाळी सगळे बाहेर पडले की उरायचे बाबा आणि घर. त्या वस्तीत फुटपाथ नव्हता, कारण पायी कुणी चालतच नसे. एकदा ते रस्त्याच्या कडेकडेने दूध आणायला निघाले, तर पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. पोलिसाने अदबीने विचारलं, सर, आपण वाट चुकलात का, आणि गाडीत बसवून घरी आणून सोडलं. ही गोष्ट बाबा हसत सांगायचे. 

मग त्यांना बसचा शोध लागला. म्हाताऱ्या माणसांसाठी त्या गावाने चालवलेली छोटी पांढरी बस, मागे चाकाची खुर्ची चढवायला लिफ्ट. आदल्या दिवशी नाव सांगायचं, सकाळी ती दाराशी येणार. वाणसामान, लायब्ररी, डॉक्टर, जिथे जायचं तिथे सोडणार आणि परत आणणार. रोज संध्याकाळी बसच्या ऑफिसातून फोन यायचा, उद्या येणार का म्हणून. बस चालवणारी बाई धिप्पाड होती आणि बाबांना प्रोफेसर म्हणायची. मी क्लार्क होतो, असं बाबांनी तिला पुष्कळदा सांगितलं. ती म्हणायची, बरं प्रोफेसर. बसमध्ये एक पोलिश विधवा होती, ती विणकाम करायची. एक निवृत्त पोस्टमन होता, त्याला डायलिसिसला जावं लागे. आणि एक गुजराती काका होते, त्यांच्याशी बाबांचं पत्ते, राजकारण आणि ढोकळा ह्या तिन्ही विषयांवरून भांडण होतं. तेच त्यांचे सगळ्यात जवळचे मित्र.

असं दहाएक वर्षं चाललं. त्या काळात बाबांनी नागरिकत्वाची परीक्षा दिली आणि अमेरिकन झाले. अमेरिकन झाले म्हणजे भारताचे राहिले नाहीत, आणि गावाकडच्या मतदारयादीतून त्यांचं नाव गेलं. ज्या माणसाने नोकरीभर दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावली, त्याने हे का केलं असावं, मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, जिथे राहतो तिथल्या रस्त्यांबद्दल तरी आपल्याला विचारायला हवं ना कुणी.

दीर अचानक गेले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या. जाऊबाईंची नोकरी होती, मुलं दुसऱ्या गावी कॉलेजात. वर्षभराने आम्ही बाबांना इकडे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला आणलं. व्हिसा आणि विमा ह्यांच्यासाठी मी किती खेटे घातले ते लिहायला बसले तर बाकीचं राहून जाईल.

त्या उन्हाळ्यात गुजराती काकांचा फोन आला. राज्याकडून बससाठी मिळणारं अनुदान संपणार होतं. गावाने ठरवलं, लोकांनाच विचारू. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर तळाशी एक प्रश्न येणार होता: घरपट्टी थोडी वाढवून बस चालू ठेवावी का? हो किंवा नाही. काका म्हणाले, तरुण लोकांना बस दिसतच नाही, त्यांना घरपट्टी दिसते. एकेक मत हवंय.

तेव्हापासून बाबांना एक काम मिळालं. काकांनी ओळखीच्या घरांचे नंबर पाठवले आणि आमच्याकडे संध्याकाळची जेवणं झाली की बाबा टेबलाशी बसून फोन लावायचे. तिकडे तेव्हा दुपार असायची. "गुड आफ्टरनून. आय ॲम कॉलिंग अबाउट द बस." उच्चार शाळामास्तरांसारखा, एकेक अक्षर सुटं. काही लोक फोन ठेवून द्यायचे. एका बाईने त्यांना मांजराच्या ऑपरेशनची सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी बाबांनी पुन्हा बस काढली तेव्हा म्हणाली, बसला तर मी हो म्हणणारच होते. बाबा खूश. लेक म्हणायची, आजोबांचं कॉल सेंटर सुरू झालं. ती हे जर्मनमधून म्हणायची आणि बाबा मराठीतून विचारायचे, काय म्हणते ही? मी सांगायचे, कौतुक करतेय.

फ्रँकफर्टच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीनंतरही अमेरिकेच्याच गप्पा होत्या. कोण येणार, तो आला तर व्हिसाचं काय, ती आली तर युद्धाचं काय, जर्मन गाड्यांवर कर बसला तर इथल्या नोकऱ्यांचं काय. मंडळात निम्मे लोक गाड्यांच्या कंपन्यांमधले, त्यामुळे चर्चेला धार. तिथे बसलेल्यांपैकी अमेरिकेचं मत एकट्या बाबांकडे होतं. हे कळल्यावर माणसं प्रसादाच्या वाट्या घेऊन त्यांच्याभोवती गोळा झाली. काका, कुणाला देणार? बाबा म्हणाले, बसला. सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारा मिश्कील आहे.

आता मतपत्रिकेत बस का नव्हती ते. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन माणसाला मतपत्रिका मागवायला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारतात, तुम्ही कोण? परदेशात आहे आणि परत जाण्याचा इरादा आहे, की परत जाण्याबद्दल अनिश्चित आहे? ऑगस्टमध्ये आम्ही तो भरला तेव्हा लॅपटॉपवर मी होते आणि बाबा शेजारच्या खुर्चीत. मी दोन्ही वाक्यं मराठीत सांगितली. ते म्हणाले, उद्याचं कुणी पाहिलंय, अनिश्चित लिही. मी अनिश्चितवर खूण केली. आपल्याकडे ऐंशी ओलांडलेला कुठलाही माणूस हेच म्हणाला असता. त्या वयात पुढच्या वर्षाबद्दल ठाम हो म्हणणं म्हणजे देवाला डिवचणं. पण अमेरिकेच्या फॉर्मला हे कुठून कळणार. त्या राज्याचा नियम असा की अनिश्चित म्हणणाऱ्याने देशाचे प्रतिनिधी निवडावेत, गावचे प्रश्न त्याला विचारायचे नाहीत.

हा नियम मी त्या सोमवारी, मशीनच्या पाण्याचा वास हाताला असताना, वेबसाइटवर वाचून बाबांना सांगितला.

"म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायला मी चालतो," बाबा म्हणाले, "आणि बस निवडायला नाही."

मी म्हटलं, तसंच दिसतंय.

 मला वाटलं चिडतील. पण ते म्हणाले, नियमात चूक काही नाही, गावाचं गावात राहणाऱ्यांनी ठरवावं. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "पण माझा इरादा आहे. तो मी त्या दिवशी नीट सांगितला नाही."

मी सांगितलं की फॉर्म पुन्हा पाठवता येतो. मात्र खाली शपथ असते, खोटं लिहिलं तर गुन्हा आहे. हेही सांगितलं, कारण ते त्यांना आवडलं असतं. ते म्हणाले, माहीत आहे, मी शपथा घेतल्यात आणि दिल्यातही.

निवडणुकीच्या ड्यूटीवर ते केंद्राध्यक्ष असायचे. एसटीने जायचं, पुढे बैलगाडीने, मतपेटी मांडीवर घेऊन. एका गावात मतदानाची वेळ संपली तेव्हा रांगेतल्यांना त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, म्हणजे मागून कुणी घुसणार नाही. नंतर सरपंचाची म्हातारी आई शेतातून चालत आली. तिला चिठ्ठी मिळाली नव्हती. बाबांनी तिला आत घेतलं नाही. तिने दारात उभं राहून त्यांच्या सात पिढ्या काढल्या. त्या रात्री गावात कुणी जेवायला घातलं नाही, शेंगदाणे खाऊन झोपले. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा ही गोष्ट मला पहिल्या आठवड्यात ऐकायला मिळाली, आणि मी मनात म्हटलं होतं, घ्यायचं होतं की आत तिला, काय बिघडलं असतं.

संध्याकाळी नवरा आला. जेवताना बाबांनी फॉर्मचं सांगितलं. नवऱ्याने भाताचा घास हातात तसाच ठेवला.

"तुम्हाला परत जायचंय? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे."

"मग?"

"मी त्या सगळ्यांना येतो म्हणून निघालोय."

"निघताना सगळेच येतो म्हणतात, बाबा. जातो कोण म्हणतं?"

"मी म्हणालो तेव्हा मला यायचं होतं," बाबा म्हणाले. "अजूनही यायचंय."

नवरा उठला आणि डिशवॉशर रिकामा करू लागला, गरजेपेक्षा जास्त आवाज करत. त्याचा भाऊ त्या देशात वारला होता. वडिलांना तिथून काढून आणलं, एवढंच त्याच्या हातात होतं आणि ते त्याने केलं होतं. आता वडील म्हणत होते की ते निघालेलेच नाहीत, नुसते मुक्कामाला आलेत. मी त्या वेळी कुणाचीच बाजू घेतली नाही. मला बाबांचं म्हणणं पटत होतं आणि नवऱ्याचा चेहराही दिसत होता.

बाबांनी फॉर्मवर लगेच सही केली नाही. नुसतं मनात आहे म्हणणं त्यांना पुरेसं वाटेना. आधी त्यांनी जाऊबाईंना फोन करून विचारलं, एप्रिलमध्ये मी आलो तर चालेल का? जाऊबाई म्हणाल्या, बाबा, तुमचंच घर आहे, विचारताय काय. त्या रडल्या असाव्यात, कारण बाबा एकदम हवापाण्याचं बोलू लागले. मग त्यांनी मला तिकीट काढायला सांगितलं. मी म्हटलं, अहो बाबा, तिकीट जानेवारीत काढू, त्याआधी सहीला तिकिटाची काय गरज? ते म्हणाले, तुझ्या फॉर्मला नसेल, मला आहे. मी तिकीट काढलं, विमानतळावर खुर्चीची सोय नोंदवली, आणि रद्द करता येईल असंच घेतलं. ते बघून त्यांनी सही केली. सहा महिने तिथे राहायचं, दिवाळीला परत यायचं, असा बेत ठरला. नवऱ्याने बेत ऐकला आणि म्हणाला, ठीक आहे. त्यानंतर तो आणि बाबा पूर्वीपेक्षा बरे बोलू लागले, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता लिहिताना लक्षात येतंय. जाणार असलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं.

ऑक्टोबरमध्ये बाबा गावातल्या मोठ्या बागेत, कुरपार्कात, पडले. रोज सकाळी ते एक चक्कर मारायचे, मोठ्या लॉनला वळसा घालून कारंज्यापर्यंत. पानगळ सुरू झाली होती, रात्री पाऊस पडून गेला होता. ओल्या पानांवरून पाय सरकला. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत स्वतःचा कोट त्यांच्यावर घातला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पण ऑपरेशनच्या आधी ज्या तपासण्या करतात त्यात हृदयाचं निघालं. बरंच आधीपासूनचं होतं, आम्हाला ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटलातून त्यांना जवळच्याच रेहा क्लिनिकमध्ये हलवलं, पुन्हा चालायला शिकवण्यासाठी. तिथली डॉक्टर माझ्या लेकीहून फार मोठी नसेल. स्वच्छ बोलणारी. तिने पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि सांगितलं की चालणं जमेल, काठी घेऊन घरातल्या घरात जमेल. लांबचं विमान मात्र नाही. मी विचारलं, एप्रिलमध्ये? ती म्हणाली, एप्रिलमध्ये नाही, आणि नंतरही मी परवानगी देणार नाही. मी भाषांतर करत होते. चालण्याबद्दलची वाक्यं मी मराठीत सांगितली. विमानाच्या वाक्यांपाशी आले तेव्हा बाबांनी हात वर केला, राहू दे म्हणून. त्यांना कळलं होतं.

ते गुरुवारी. नवी मतपत्रिका त्याआधीच ईमेलने येऊन पडली होती, बाबा हॉस्पिटलात असताना. ह्या वेळी पूर्ण. गावच्या शिक्षण मंडळाच्या जागा होत्या, आणि सगळ्यात खाली बस.

पुढचं सांगण्याआधी निकाल सांगून टाकते, नाहीतर वाचणारा तिकडेच बघत राहील. बस हरली. थोडक्यात हरली, पण एका मताने उभी राहिली असती इतक्या थोडक्यात नाही. नवीन वर्षापासून ती बंद झाली. गुजराती काकांना आता त्यांची सून शनिवारी दुकानात नेते. पोलिश बाई मुलीकडे दुसऱ्या राज्यात गेली. पोस्टमनचं काय झालं ते काकांनी सांगितलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही. बाबा पुढच्या जूनमध्ये गेले, आमच्या घरी, सकाळी, नवरा त्यांची दाढी करत असताना.

तर शुक्रवारी मी ऑफिसात मतपत्रिका छापली, पाकिटं आणि काळं पेन घेतलं आणि संध्याकाळी क्लिनिकमध्ये गेले. जाताना मी खूश होते म्हणायला हरकत नाही. आदल्या दिवशीच्या बातमीवर मला काही करता येण्यासारखं नव्हतं, पण हे करता येण्यासारखं होतं. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. जेवणाचा ट्रे बाजूला सारून मी कागद समोर ठेवला आणि बोटाने दाखवलं. ही बघा तुमची बस.

त्यांनी चष्मा लावून तो प्रश्न वाचला. मग पहिल्यापासून सगळी मतपत्रिका वाचली आणि पुन्हा त्या प्रश्नाशी आले. पेन उघडलं. "तिकडे बघ," मला म्हणाले. मी पार्किंगकडे तोंड करून बसले. पेनाचा आवाज येत होता, थांबून थांबून. कोणाला मत दिलं ते मला आजही माहीत नाही. नवऱ्याने नंतर बऱ्याचदा अंदाज केले, मी त्यात पडले नाही.

बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी वळले. पेनाचं टोपण लावलेलं होतं. वरच्या भागावर त्यांनी हात ठेवला होता, मला दिसू नये म्हणून. शिक्षण मंडळ कोरं होतं. खाली हो आणि नाही, दोन्ही चौकटी कोऱ्या.

मी म्हटलं, बाबा, हे राहिलं.

"राहिलं नाही. सोडलंय."

मला वाटलं थकले असतील, बोट दुखत असेल. मी पेन पुन्हा उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"काल ती मुलगी काय म्हणाली? मी आता परत जाणार नाही."

ते असं सहज म्हणाले, डाळीत मीठ नाही म्हणावं तसं. आमच्यापैकी कुणीच हे तोवर बोललं नव्हतं. नवरा आदल्या रात्रीही म्हणत होता, पुढच्या वर्षी बघू. मी मान डोलावली होती.

मी म्हटलं, फॉर्मवर सही केली तेव्हा खरं होतं. तिकीट काढलं होतं तुम्ही. कायद्याने तुमचं मत चालतं, त्यांनी पूर्ण मतपत्रिका पाठवलीये, आता कोण विचारायला येणार आहे?

"सही तेव्हाची. मत आजचं."

"पण तिथे हे कुणाला कळणार, बाबा?"

"कुणाला नाही. पण त्या टेबलाशी मी बसलो असतो ना, तर माझ्यासारख्या माणसाला मी हा कागद दिला नसता."

मला राग आला. मी फारशी चिडत नाही, चिडून कामं होत नाहीत, पण तेव्हा चिडले. मी म्हटलं, तुमचा नियम त्या पोस्टमनला डायलिसिसला नेणार नाहीये. तुम्ही तीन महिने फोन केलेत. लोकांना हो म्हणा म्हणालात, आणि आता स्वतः म्हणत नाही. काकांना काय सांगणार?

"काकांना सांगीन." त्यांनी त्या प्रश्नावर बोट ठेवलं. "अगं, बसला हो म्हणायचं म्हणजे तिथल्या माणसांच्या घरांवर कर बसवायचा. त्या गावात राहणार असलो तर तो माझ्या मुलाच्या घरावरही बसतो, आणि बसमध्ये मीही बसतो. आता मी तिथे राहणार नाही. मग दुसऱ्याच्या खिशात मी कसा हात घालू?"

"मी इथे वीसेक वर्षं कर भरतेय," मी म्हटलं. "पासपोर्ट भारताचा म्हणून मला इथे मत नाही, आणि तिथे जाऊन रांगेत उभी राहत नाही म्हणून तिथलंही नाही. माझ्या खिशात हात घालताना मला कोण विचारतं?"

बाबा हसले. पडल्यापासून पहिल्यांदा.

"तो तुझ्यावर अन्यायच आहे. म्हणून तो मी दुसऱ्यावर करू?"

  मला वाटतं ते चुकले. म्हाताऱ्यांच्या बसला मत देऊन कुणाचं वाईट झालं नसतं. पण ते चुकले असं ठामपणे सांगायला गेले की मला त्यांचा हात दिसतो, कागदावर आडवा ठेवलेला, सुनेपासून देशाचा राष्ट्राध्यक्ष लपवणारा.

त्यांनी मतपत्रिका घडी करून आतल्या पाकिटात घातली. पाकीट स्वतः चिकटवलं आणि कडेने अंगठा फिरवत दाबत नेलं, लाखेचा ठसा मारावा तसं. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण केंद्राध्यक्षाने मतपेटी दुसऱ्याकडून बंद करून घ्यायची नसते. बाहेरच्या पाकिटावर सही केली.  म्हणाले, जाताना टाक टपालपेटीत, आणि त्याला सांग ते तिकीट रद्द करायला, उगाच अडकून राहील.

मग ते बराच वेळ बाहेर बघत होते. अंधार पडला होता, काचेत आम्हीच दिसत होतो. मी ट्रे उचलून बाहेर नेऊन ठेवला, पाण्याचा ग्लास भरला, चपला पलंगाच्या योग्य बाजूला लावल्या. "तिथे आता माझं कुणी नाव घेणार नाही," ते म्हणाले. "संध्याकाळचा तो फोन यायचा बघ, उद्या येणार का." मी म्हटलं, हो, सांगायचात तुम्ही. "कधी कधी मी नाही सांगायचो, मुद्दाम. मग ती बसवाली दुसऱ्या दिवशी भांडायची. का नाही आलास म्हणून."

मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. आम्ही एकमेकांना जवळ घेणाऱ्यांतले नव्हतो. शाल मात्र मी दोन्ही बाजूंनी नीट खोचली, आणि त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

जाताना बाहेर फिजिओथेरपिस्ट भेटली. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील, बाथरूममध्ये धरायला पक्की दांडी हवी, चिकटवायची नको, ती निसटते. तर मग, तात्पुरतं की कायमचं, तेवढं ठरवा. मी म्हटलं, कायमचं. पेटीत पाकीट टाकलं आणि बंद व्हायच्या आत दुकान गाठून स्टीलच्या दोन दांड्या घेतल्या. घरी नवऱ्याला तिकिटाचं सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला, तिकीट रद्द केलं, लॅपटॉप मिटला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी मागे गेले नाही. थोड्या वेळाने लेक गेली. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. रविवारी इथे आवाज करायला बंदी, शनिवारी ड्रिल चालतं, पण सकाळी लवकर नाही, म्हणून आठ वाजून गेल्यावर शेजारणीला आधी सांगून आले. मग बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला बाबांच्या हाताची उंची आठवून खुणा केल्या. टाइलवर चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरत नाही, आणि पहिल्यांदा ड्रिलचा ठोका बंद ठेवून हळू भोक पाडलं. टाइल तडकली नाही. बाकीची भोकं पाडली, त्यांत प्लास्टिकची बुचं बसवली, स्क्रू आवळले. शॉवरपाशी दुसरी दांडी लावली. फरशीवरची पांढरी धूळ ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग दोन्ही दांड्यांना पाळीपाळीने धरून अंगाचा सगळा भार टाकून लटकून पाहिलं.